सहा माशांचे तळे

हे चित्र तुम्ही पाहिलेले असणार. कृषी प्रदर्शनातील तक्त्यावर, मत्स्यव्यवसायाच्या घडीपत्रिकेत, एखाद्या मार्गदर्शिकेच्या मधल्या पानावर किंवा आपल्याच शाळेच्या फळ्यावर. एक तळे उभे कापून दाखवलेले असते. पाण्याचे तीन थर. वरच्या थरात कटला आणि चंदेरा, मधल्या थरात रोहू आणि गवत्या, तळाशी मृगळ आणि सायप्रिनस. प्रत्येकाच्या तोंडापुढे त्याचे खाद्य काढलेले. खाली एक छोटा तक्ता: हेक्टरी ५,००० बोटुकली सोडा, वर्षाला ३ ते ५ टन मासे काढा. मथळा असतो 'संमिश्र मत्स्यशेती'.

आम्ही काही शिक्षक आणि विज्ञानप्रसाराचे काम करणारे मित्र वर्धा जिल्ह्यात गेली अनेक वर्षे हे चित्र वापरत आलो आहोत. चित्र सोपे आहे, मुलांना आवडते आणि परीक्षेत हमखास येते. त्याकडे टीकेच्या नजरेने पाहावे असे आम्हाला कधी वाटले नव्हते. ते वाटायला लावले एका वहीने.

सेलू तालुक्यातील एका शाळेत आम्ही आठवीच्या मुलांना हे चित्र समजावून दिले. मत्स्यशेती सुरू करण्यापूर्वी तळ्यातील 'निरुपयोगी व भक्षक मासे' काढून टाकावेत, असे त्याबरोबरच्या मजकुरात असते. तेही सांगितले आणि अशा माशांची नावे लिहून आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी बहुतेकांनी दोन-तीन नावे आणली. एका मुलाने चौदा आणली. मरळ, वाम, शिंगी, मागूर यांच्याशिवाय आम्ही कधी न ऐकलेली नावे त्याच्या यादीत होती. आम्ही कौतुकाने विचारले, "एवढी नावे कुठून मिळाली?" तो म्हणाला, "घरी खातो न सर आम्ही."

मुलगा भोयांच्या घरचा होता. आम्ही दिलेल्या मथळ्याखाली त्याने स्वतःच्या घरचे जेवण लिहून आणले होते.

त्या दिवसापासून आम्ही हे चित्र नव्याने वाचायला घेतले. चित्रही एक मजकूरच असते. त्यात काय दाखवले आहे याइतकेच काय गाळले आहे हेही पाहावे लागते. या लेखात आम्ही तेच करणार आहोत. मत्स्यशेतीला आमचा विरोध नाही. एका चांगल्या चित्राने आपली मर्यादा सांगितली नाही की काय होते, एवढाच प्रश्न आहे.

चित्रात चांगले काय आहे?

आधी चित्राचे देणे मान्य करू. एकाच पाण्यात निरनिराळे अन्न खाणारे मासे एकत्र वाढवले तर पाण्यातील अन्नाचा पुरेपूर उपयोग होतो, ही कल्पना मोलाची आहे. चीनमध्ये ती फार जुनी आहे. तेथे गवत खाणारे, तरंगते जीव खाणारे आणि तळ धुंडाळणारे मासे शेकडो वर्षे एकाच तळ्यात वाढवले जात आले आहेत. 'एक जागा, अनेक धंदे' हे निसर्गाचे तत्त्व मुलांना समजावून देण्यासाठी याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

भारतात या पद्धतीच्या वाटेत मोठी अडचण होती ती बियाण्याची. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे मुख्यतः उत्तर भारतातील मोठ्या नद्यांचे मासे. तळ्यात ते वाढतात, त्यांच्या पोटात अंडीही भरतात, पण साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे पूर्वी नदीतून मत्स्यजिरे गोळा करावे लागे, आणि त्यात कोणकोणत्या जातींची पिल्ले आली आहेत हे ती मोठी झाल्यावरच कळे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी डॉ. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले. हाच दिवस आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे १९७१ पासून संमिश्र मत्स्यशेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. आपले चित्र हे त्या काळचे अपत्य.

त्याचे फळही मोठे आहे. २०२२-२३ मध्ये भारताचे मत्स्योत्पादन सुमारे १७५ लाख टन होते आणि त्यातील सुमारे १३१ लाख टन गोड्या व अंतर्गत पाण्यातले होते. जगाचा विचार केला तर २०२२ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या आकडेवारीनुसार त्या वर्षी पाळलेल्या जलचरांचे उत्पादन ९ कोटी ४४ लाख टनांवर गेले आणि ते प्रथमच पकडलेल्या जलचरांपेक्षा जास्त भरले. माणसाने हजारो वर्षांपूर्वी शिकार सोडून शेती धरली, पण माशांच्या बाबतीत तो पल्ला आता कुठे गाठला गेला. एवढ्या मोठ्या बदलाचे चित्र मुलांपुढे ठेवायलाच हवे. म्हणूनच ते नीट तपासायलाही हवे.

आक्षेप पहिला: या तळ्यात काळ नाही

चित्रातील पाणी नेहमी काठोकाठ असते. तेथे रात्र होत नाही आणि मे महिना येत नाही.

रात्रीचे पाहा. दिवसा पाण्यातील हिरवे शेवाळ व वनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री त्या स्वतःच तो वापरतात. त्यामुळे पहाटे पाण्यातील विरघळलेला प्राणवायू सर्वात कमी असतो. खत आणि खाद्य भरपूर घातलेल्या तळ्यात कटला-रोहू पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात, ते याच कारणाने. चित्रात तीन थर पक्के आखलेले आहेत. प्रत्यक्षात त्या घटकेला सारेच मासे वरच्या थरात असतात.

आता मे महिना. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक पाणी माशांसाठी अडवलेले नाही. सेलू तालुक्यातील बोर धरण, धाम नदीवरचे महाकाळीचे धरण, आर्वी तालुक्यात धनोडीजवळचे निम्न वर्धा धरण ही सारी सिंचनाची आणि पिण्याच्या पाण्याची धरणे. पाणी कालव्याला केव्हा सोडायचे हे पीक ठरवते, मासा नव्हे. लहान पाझरतलाव आणि गावतळी तर एप्रिल-मेपर्यंत आटतात किंवा गुडघाभर गरम पाण्यावर येतात. त्या पाण्यात प्राणवायू फारसा राहत नाही आणि बाहेरून आणलेले मासे तेथे टिकत नाहीत.

मग टिकते कोण? मरळ, मागूर आणि शिंगी. कल्ल्यांखेरीज थेट हवेतून श्वास घेण्याची सोय या तिघांत असते. मरळीच्या कल्ल्यांच्या वर हवा धरणाऱ्या पोकळ्या असतात, मागुरात झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले श्वसनांग असते, शिंगीत शेपटीच्या दिशेने गेलेल्या लांब हवापिशव्या असतात. आटणाऱ्या पाण्यात, चिखलातसुद्धा ते तग धरतात. विदर्भाच्या उन्हाळ्याला उत्तर म्हणून निसर्गाने जे मासे घडवले, नेमके तेच आमच्या यादीत 'काढून टाकावेत' या मथळ्याखाली होते! विज्ञानाच्या शिक्षकाने मुलांना अनुकूलनाचे एवढे सुंदर उदाहरण दाखवायचे सोडून ते माशांसकट पुसून टाकावे, ही आमची चूक आम्हाला आज जास्त बोचते.

तळ्याचे गणित धरणाला लावले की काय होते, तेही पाहू. चांगल्या तळ्यातून हेक्टरी ३ ते ५ टन मासे निघतात. पण १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातील जलाशयांच्या सविस्तर आढाव्यात लहान जलाशयांचे सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे ५० किलो आणि मध्यम व मोठ्या जलाशयांचे ११ ते १२ किलो एवढेच आढळले होते. जलाशयातून अधिक मासे काढता येतात हे खरेच. परंतु तेथे खत घालता येत नाही, खाद्य देता येत नाही, आणि सोडलेले प्रत्येक बोटुकले पुन्हा जाळ्यात येईल याचीही खात्री नसते. तळे हे शेत आहे, जलाशय हे माळरान. दोहोंना एकच चित्र लावणे म्हणजे गव्हाच्या वाफ्याचा नकाशा दाखवून जंगल शिकवणे होय.

थरांच्या नीटस वाटणीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. चित्रात कटला आणि चंदेरा वरच्या थरात शेजारी शेजारी सुखाने नांदतात. हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर या भाक्रा धरणाच्या जलाशयात १९७१ साली एका मत्स्यबीज केंद्रातून चंदेरा अपघाताने शिरला. तो तेथे रुजला, आपोआप वाढू लागला आणि पुढे जाळ्यात येणाऱ्या माशांत त्याचेच वर्चस्व झाले. कटला मागे पडला. चंदेऱ्याच्या कल्ल्यांतील गाळणी फार बारीक असते आणि पाण्यातील तरंगते अन्न तो झपाट्याने उचलतो. बंद तळ्यात प्रत्येकाची संख्या माणूस ठरवतो, म्हणून वाटणी जमते. मोकळ्या पाण्यात ती संख्या ठरवणारा कोणी नसतो.

आक्षेप दुसरा: या तळ्याला नदी नाही

चित्रातील तळ्याला आत येणारा किंवा बाहेर जाणारा ओहोळ नसतो. पण बोर, धाम, वणा या नद्यांचे पाणी अखेर वर्धा नदीत जाते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत. आपल्या गावच्या ओढ्यातील मासा हा या मोठ्या घराण्यातला आहे.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यांत, नाल्यांत, थेट बांध्यांपर्यंत चढतात. 'चढणीचे मासे' हा शब्द आपल्या प्रत्येक खेड्यात ठाऊक आहे. ही चढण म्हणजे अंडी घालायला निघालेल्या माद्यांची वाट. त्या वाटेवर आता भिंती आहेत. धरणाची भिंत असते, तशी लहान बंधाऱ्याचीही असते. ज्या बंधाऱ्यात मासा चढण्यासाठी जागा ठेवलेली नसते, तो त्याच्यापुरता धरणच. वर पोहोचता न आलेले मासे भिंतीखाली गर्दी करतात आणि तेथे जाळे टाकणे सर्वात सोपे असते. पोटात अंडी असलेली एक मादी पकडली की हजारो पिल्लांची शक्यता संपते. या बाबतीत दोष केवळ धरणे बांधणाऱ्यांचा नाही. पहिल्या पावसात हौसेने चढणीचे मासे धरणाऱ्या आपणा सर्वांचाही आहे.

नदी गाळली की प्रश्नाचे रूपच बदलते. मासे कमी झाले, तर बाहेरून बोटुकली आणून सोडा, एवढेच उत्तर उरते. मासे कमी का झाले, हा प्रश्न चित्राच्या चौकटीबाहेर राहतो.

आक्षेप तिसरा: 'निरुपयोगी' हा शब्द

आता त्या वहीतल्या मथळ्याकडे येऊ.

हा शब्द संमिश्र मत्स्यशेतीत कोठून आला, त्यामागे कारण आहे आणि ते समजून घेतले पाहिजे. नुकतेच फुटलेले मत्स्यजिरे काही मिलिमीटरचे असतात. संगोपनतळ्यात दुसरे मासे राहिले, तर ते त्यांना खाऊन टाकतात. म्हणून तेथे मोहाची पेंड टाकतात. एक हेक्टर तळ्यात मीटरभर पाणी असेल तर सुमारे २,५०० किलो. पेंडीतील सॅपोनिन माशांच्या रक्तपेशी फोडते, मासे मरतात, दोन-तीन आठवड्यांत विष उतरते आणि कुजलेली पेंड खत म्हणून उपयोगी पडते. संगोपनतळ्यापुरती ही युक्ती समर्थनीय आहे, कारण ते तळे एका ठरावीक कामासाठी केलेले भांडे आहे.

परंतु 'या भांड्यात आज नको' आणि 'निरुपयोगी' यांत फरक आहे. पाठात तो उरत नाही. शेतात नको असलेल्या रोपाला आपण तण म्हणतो, पण त्यातल्या घोळीची आणि तरोट्याची आपण भाजीही करतो. लहान माशांचे तसेच आहे.

या माशांच्या उपयोगाबद्दल आज आपल्याजवळ भक्कम पुरावा आहे, आणि तो बांगलादेशातून आला आहे. तेथेही मत्स्यशेतीच्या मार्गदर्शनात लहान देशी मासे तण मानले जात आणि विष टाकून काढले जात. डॉ. शकुंतला हरकसिंग थिलस्टेड या पोषणशास्त्रज्ञांनी या माशांचे पृथक्करण केले. 'मोला' नावाचा बोटाएवढा मासा त्यांत विशेष ठरला. हा मासा आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातही आढळतो. त्याच्या १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागात 'अ' जीवनसत्त्वाचे प्रमाण २,५०० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते, तर रोहू किंवा चंदेऱ्याच्या मांसात ते नाममात्र असते. हे जीवनसत्त्व मुख्यतः डोळ्यांत आणि पोटातील अवयवांत साठते. मोठ्या माशाचे आपण तुकडे करतो, डोके-आतडी टाकतो. लहान मासा काट्यांसकट, डोक्यासकट खातो. म्हणून कॅल्शियमही मिळते. रातांधळेपणा आणि कुपोषण असलेल्या भागात हा फरक लहान नाही. शिवाय मोला तळ्यातच अंडी घालतो, त्याचे बी विकत आणावे लागत नाही, आणि रोहू-कटल्यासोबत तो वाढवला तर त्यांच्या उत्पादनाला फारसा धक्का लागत नाही, असे तेथील प्रयोगांत दिसले. या कामासाठी थिलस्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

मग इतकी वर्षे हे मासे दिसले का नाहीत? आमच्या मते याचे एक साधे उत्तर आठवडी बाजारात आहे. कटला-रोहू तराजूवर किलोने विकले जातात. लहान मासे आणि झिंगे पळसाच्या पानावर किंवा पोत्यावर वाटे मांडून विकले जातात. वाटा किलोत मोजला जात नाही. विकून उरलेला वाटा घरी जातो, तो तर कशातच मोजला जात नाही. जे आपल्या मापात बसत नाही, त्याला आपण निरुपयोगी म्हणत आलो. मरळीची गोष्ट तर आणखी गमतीची. ती पाठात 'भक्षक' म्हणून नाकारलेली, आणि बाजारात कटल्यापेक्षा तिला भाव जास्त!

आक्षेप चौथा: या तळ्याकाठी माणूस नाही

चित्रात मासे आहेत, शेवाळ आहे, खत आहे. जाळे टाकणारा हात नाही. आपल्या राज्यात तलावातील मासेमारीचा ठेका सहसा काही वर्षांच्या मुदतीने मच्छीमार सहकारी संस्थेला दिला जातो. ठेक्याची रक्कम भरायची, बोटुकली विकत आणायची, रात्री राखण करायची. उन्हाळ्यात पाणी आटले तर मिळेल त्या भावात लहानच मासा विकून मोकळे व्हायचे. या साऱ्याचा मासा किती वाढतो याच्याशी पाण्याच्या थरांइतकाच संबंध आहे.

माणूस चित्रात आणला की काय घडते, याचे उदाहरण फार दूर नाही. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, मालगुजारीच्या काळापासूनचे हजारो तलाव आहेत. तेथे मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाच्या माहितीचा आधार घेऊन तलाव सुधारण्याचे काम केले. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीजवळ राहतो, कुठे अंडी घालतो, हे ढिवरांना ठाऊक होते. त्यानुसार तलावात माजलेली बेशरम उपटली, तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. या कामात ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा राहिला. देशी मासे परत दिसू लागले. हे मासेमारांचे शास्त्र आहे. आपल्या तक्त्यात मात्र पाणवनस्पती दिसतात त्या फक्त गवत्याचे खाद्य म्हणून. त्याच वनस्पती दुसऱ्या माशांचे बाळंतघर आहेत, हे तक्ता सांगत नाही.

आणि माणूस व देशी मासा दोघेही गाळले तर टोकाला काय होऊ शकते, हे पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराने दाखवले. तेथे १९५० च्या दशकात उत्पादन वाढवण्यासाठी नाईल पर्च हा मोठा भक्षक मासा सोडण्यात आला. १९८० च्या सुमारास त्याची संख्या एकदम वाढली. सरोवरात इतरत्र कोठेही नसलेल्या लहान सिक्लिड माशांच्या शेकडो जाती होत्या. त्यांतील सुमारे २०० नाहीशा झाल्या किंवा अत्यंत दुर्मिळ झाल्या. सांडपाण्याने बिघडलेल्या पाण्याचाही त्यात हात होता. टनांच्या हिशेबात मात्र हे यश होते. कारखाने उभे राहिले, मासा युरोपात जाऊ लागला, पुष्कळांना रोजगारही मिळाला. पण काठावरच्या बाया पूर्वी लहान मासे उन्हात वाळवून विकत असत. नाईल पर्च चरबीचा, तो उन्हात वाळत नाही, धुरावर भाजावा लागतो. म्हणून सरपणासाठी झाडे तुटली. टनांच्या तक्त्यात झाडांचा रकाना नव्हता.

आमच्या टीकेवर टीका

या लेखाचा मसुदा आम्ही मत्स्यव्यवसायातील एका जाणत्या मित्राला वाचायला दिला. त्यांचे म्हणणे असे : "वाट्याने विकलेल्या माशांवर ठेक्याचे पैसे निघत नाहीत. संस्थेला कटलाच तारतो. तुम्ही पगारदार माणसे, तुम्हाला लहान माशांचे कौतुक सुचते."

हा आक्षेप आम्ही मनापासून मान्य करतो. कटला नको, असे आम्ही म्हणत नाही. ज्याला रोख पैसा हवा आहे, त्याने तो वाढवावाच. आमचे म्हणणे एवढेच की, पैसा देणारा मासा आणि ताटात पडणारा मासा हे दोन वेगळे असू शकतात आणि दोघांना एका पाण्यात जागा असू शकते. बांगलादेशातील तळ्यांनी ते दाखवले आहे. कोणते तळे रिकामे करावे आणि कोणते करू नये, कोणता पाहुणा बंद तळ्यात ठेवावा आणि कोणता मोकळ्या पाण्यात जाऊ देऊ नये, हा विवेक शिकवणे हेच तर विज्ञानशिक्षण. जुने चित्र एकच उत्तर देते, म्हणून ते अपुरे आहे.

मग वर्गात काय करावे?

चित्र फाडून टाकू नका. ते फळ्यावर काढा आणि मुलांकडून पुरे करून घ्या. १९३७ साली याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम पुढे आली. हाताच्या कामातून आणि भोवतालातून शिकावे, हा तिचा गाभा होता. मासा हा त्यासाठी उत्तम विषय आहे.

पहिले काम बाजारातले. मुलांनी आठवडी बाजारात जाऊन माशांची नावे लिहावीत आणि तीन रकाने करावेत: किलोने विकतात की वाट्याने, कापून खातात की अख्खा, आणि कुठल्या पाण्यातून आला. दुसरे काम घरातले. आजी-आजोबांना विचारावे, तुमच्या लहानपणी असलेला कोणता मासा आता दिसत नाही? भोई-ढिवरांच्या घरची मुले वर्गात असतील, तर या दिवशी त्यांना शिक्षक होऊ द्या. तिसरे काम पाण्याचे, पण मोठी माणसे बरोबर असतानाच आणि काठावरूनच. डब्याचे पांढरे झाकण दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि ते किती खोलीवर दिसेनासे होते ते मोजा. जून, डिसेंबर आणि एप्रिलमध्ये पुन्हा मोजा. पाण्याची पातळीही काठावरच्या एखाद्या दगडावर नोंदवा. चित्रात नसलेला काळ मुलांच्या वहीत येईल.

शेवटी, 'निरुपयोगी मासे' हा मथळा बदलून 'या तळ्यात आधीपासून असलेले मासे' असा करा. आम्ही तो बदलला आणि त्या चौदा नावांची यादी फळ्यावर लिहिली. पाच नावांपुढे शास्त्रीय नावे आम्हाला लावता आली, नऊ अजून तशीच आहेत. तुमच्या गावच्या याद्या आम्हाला जरूर पाठवा. त्या नऊंपैकी एखाद्या माशाची ओळख तुमच्याच वर्गातला कोणी पटवून देईल.